दूध पचत नाही? सोडायच्या आधी ग्रॅम मोजा: लॅक्टोजचा हिशोब, डेअरीतली पद्धत आणि घरी लॅक्टोज-फ्री दूध

आपल्याकडं दुधाच्या बाबतीत दोनच टोकं दिसतात. एक तर दुधाशिवाय ताकद येत नाही म्हणून लेकराच्या मागं गिलास घेऊन फिरायचं, त्याचं पोट दुखतंय म्हणलं तरी "नाटकं करू नको" म्हणून दामटायचं, नाहीतर दोन-चारदा पोट बिघडलं की दूध, दही, ताक, तूप सगळंच एका झटक्यात बंद करून टाकायचं आणि मग वर्षानुवर्षं भाकरी-वरणावर काढायचं. दोन्हीत नुकसानच आहे. कारण दूध पचत नाही म्हणणाऱ्या बहुतेकांना दुधातली फक्त एक गोष्ट पचत नसते, लॅक्टोज नावाची साखर, आणि तीसुद्धा एका बैठकीत ठराविक ग्रॅमच्या पुढं गेली की मगच त्रास देते. तो आकडा प्रत्येकाचा वेगळा असतो. तो कसा शोधायचा, आपल्या ताटातल्या कोणत्या पदार्थात किती लॅक्टोज असतं, लॅक्टोज-फ्री दूध डेअरीत कसं बनतं आणि तेच घरी कसं करता येतं, हे सगळं खाली सविस्तर लिहितो. लांब आहे, पण ज्याच्या घरात हा त्रास आहे त्यानं पूर्ण वाचावं.

पोटात नेमकं काय होतं

लॅक्टोज म्हणजे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज या दोन साध्या साखरांची जोडी. जोडी तुटल्याशिवाय ती रक्तात जात नाही, आणि तोडायचं काम छोट्या आतड्याच्या अस्तरावर असलेलं लॅक्टेज नावाचं एन्झाइम करतं. तान्ह्या लेकरात हे एन्झाइम भरपूर असतं कारण त्याचं सगळं जेवण दूधच. दोन-पाच वर्षाचं झाल्यावर बहुतेक माणसांत ते हळूहळू कमी होत जातं, जगातल्या साधारण दोन तृतीयांश मोठ्या माणसांत हेच होतं. उरलेल्यांच्या जनुकात एक छोटा बदल असतो त्यामुळं त्यांचं लॅक्टेज आयुष्यभर चालू राहतं. भारतात उत्तरेकडं असे लोक जास्त, दक्षिणेकडं येऊ तसं प्रमाण कमी. म्हणजे लॅक्टेज कमी असणं हा काही रोग नाही, माणसाच्या शरीराची ती नेहमीचीच चाल आहे, आणि ज्याला त्रास होतो त्याला "पोट नाजूक आहे" म्हणून हिणवायचं काहीच कारण नाही.

न तुटलेलं लॅक्टोज पुढं सरकतं तेव्हा दोन गोष्टी होतात. एक, ते आतड्यात पाणी ओढून घेतं, म्हणून पातळ संडास. दुसरं, मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याच्यावर तुटून पडतात आणि त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्यात मिथेन असे गॅस तयार होतात, म्हणून गुडगुड, पोट डब्ब होणं, मुरडा. दूध पिल्यावर साधारण अर्ध्या ते दोन तासात हे सुरू होतं. आतड्याला यातून कायमची इजा होत नाही, हे लक्षात ठेवा म्हणजे विनाकारण घाबरायचं काम नाही.

आता एक फरक पक्का करून घ्या, कारण यात घोळ झाला तर महागात पडतं. दुधाची ॲलर्जी वेगळी. ती दुधातल्या प्रोटीनची असते, त्यात अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, दम लागतो, उलट्या होतात. अशा माणसाला लॅक्टोज-फ्री दूध अजिबात चालत नाही, कारण त्यात प्रोटीन जसंच्या तसं असतं. थेंबभरानंही जिवावर बेतू शकतं.

आणि तिसरा प्रकार तात्पुरता. गॅस्ट्रो, जुलाब जोरात झाले की आतड्याचं अस्तर खराब होतं, लॅक्टेज त्याच अस्तरावर असतं, त्यामुळं काही दिवस ते काही आठवडे दूध पचत नाही, नंतर आपोआप पचायला लागतं. पावसाळ्यात नवं पाणी आल्यावर घरोघरी पोटं बिघडतात, त्यातल्या कितीतरी जणांनी तेव्हा दूध सोडलं आणि नंतर कधी परत पिऊन बघितलंच नाही असं मी आजूबाजूला बघतो.

आधी दवाखाना कुणी गाठायचा

संडासातून रक्त, कारण नसताना वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, रक्त कमी असणं, लेकराची वाढ थांबणं, किंवा पन्नाशीनंतर अचानक पोटाची सवय बदलणं, यातलं काहीही असेल तर घरगुती प्रयोग बाजूला ठेवा आणि सरळ डॉक्टरकडं जा. लॅक्टोजमुळं या गोष्टी होत नाहीत. गव्हामुळं होणारा सिलिॲक आजार, आतड्याची सूज, टीबी असलं काही असू शकतं आणि ते दूध बंद करून बरं होणार नाही.

घरच्या घरी चाचणी

लागतं काय तर एक वही, मापाचा कप आणि दोन-तीन आठवड्यांचा धीर.

पहिले १० ते १४ दिवस दूध, दुधाचा चहा, दही, ताक, खवा, पेढा, आईस्क्रीम, मिल्क पावडर घातलेली बिस्किटं, सगळं बंद. तूप चालतं. कोरा चहा प्या. रोज वहीत लिहा, पोट कसं राहिलं, गॅस किती, संडास कशी. या दिवसांत त्रास होता तेवढाच राहिला तर लॅक्टोज हा तुमचा गुन्हेगार नाही किंवा एकटा नाही, पुढं जाऊ नका, डॉक्टरशी बोला. त्रास स्पष्ट कमी झाला तर पुढची पायरी.

सकाळी उपाशीपोटी ५० मिलि साधं दूध, आणि तीन तास दुसरं काही खायचं नाही, पाणी चालेल. काही झालं नाही तर एक दिवस सोडून १०० मिलि, मग १५०, मग २००. ज्या मापाला पोट बोलायला लागलं तिथं थांबा आणि आकडा लिहून ठेवा. गाईच्या काय किंवा म्हशीच्या काय, १०० मिलि दुधात साधारण ५ ग्रॅम लॅक्टोज असतं, म्हणजे १५० मिलिला त्रास झाला तर तुमची उपाशीपोटीची हद्द ५ ते साडेसात ग्रॅमच्या दरम्यान आली. मग तेच माप जेवणासोबत घेऊन बघा, बहुतेकांची हद्द वाढलेली दिसते, कारण जेवणात मिसळलेलं दूध पोटातून हळूहळू खाली उतरतं आणि जे थोडंफार लॅक्टेज आहे त्याला काम करायला वेळ मिळतो. अभ्यासांतून असं दिसलंय की लॅक्टेज कमी असलेले बहुतेक लोक एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत, म्हणजे एक मोठा कप दूध, फारसा त्रास न होता घेऊ शकतात. हे वाचून खूप जणांना आश्चर्य वाटतं.

मनाचा भाग किती आणि पोटाचा किती हे ओळखायचं असेल तर घरातल्या कुणाला तरी सामील करून घ्या. एका दिवशी साधं दूध, एका दिवशी लॅक्टोज-फ्री, कोणतं कधी ते तुम्हाला सांगायचं नाही. पण लॅक्टोज-फ्री दूध चवीला गोड लागतं म्हणून लगेच ओळखू येतं, त्यामुळं दोन्हीत साखर आणि वेलची टाकायला सांगा, लॅक्टोज-फ्रीमध्ये साखर जरा कमी. चार-सहा वेळा अदलाबदल करून वही बघितली की चित्र साफ होतं.

मोठ्या शहरातल्या पोटविकार तज्ज्ञांकडं श्वासाची चाचणी होते, हायड्रोजन ब्रेथ टेस्ट. रात्रभर उपाशी राहून जायचं, २५ किंवा ५० ग्रॅम लॅक्टोज पाण्यातून प्यायचं आणि दोन-तीन तास ठराविक वेळानं नळीत फुंकायचं, श्वासातला हायड्रोजन सुरुवातीपेक्षा २० पीपीएम (दहा लाख भागांत २० भाग) किंवा जास्त वाढला तर पॉझिटिव्ह. जायच्या आधीच्या महिन्यात अँटिबायोटिक घेतलं असेल तर डॉक्टरला सांगा, आणि आदल्या रात्री उसळ, डाळ, कांदा टाळा, नाहीतर आकडा चुकतो. रिपोर्ट वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा, ५० ग्रॅम म्हणजे एक लिटर दुधातलं लॅक्टोज झालं, ते एका झटक्यात कोण पितं? त्यामुळं टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून चहातलं दूधही बंद करायची गरज नसते. टेस्ट सांगते लॅक्टेज कमी आहे, हद्द किती ते तुमची वहीच सांगते.

आपल्या ताटातले ग्रॅम

चहापासून सुरू करू. एका चहात ४०-५० मिलि दूध धरलं तर २ ते अडीच ग्रॅम. दिवसाला चार चहा झाले तरी ते दिवसभरात विभागलेले असतात, बहुतेकांना काही होत नाही. म्हणून "चहा चालतो पण दूध चालत नाही" म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो, त्याचा हिशोब बरोबर असतो.

दही. विरजणातले जिवाणू लॅक्टोज खाऊनच आंबटपणा तयार करतात, दुधातलं साधारण पाव ते तिसरा हिस्सा लॅक्टोज दही होता होता कमी होतं. पण दही पचायचं खरं कारण वेगळं आहे, त्यातल्या जिवंत जिवाणूंकडं स्वतःचं लॅक्टोज तोडणारं एन्झाइम असतं, आणि ते आपल्या आतड्यात जाऊनही काम करत राहतं. म्हणून दह्यातलं राहिलेलं लॅक्टोजसुद्धा दुधातल्यापेक्षा सोपं जातं. हेच दही उकळून कढी केली की जिवाणू मरतात, ती मदत जाते. कढीत पाणी भरपूर असतं म्हणून ग्रॅम कमीच भरतात, पण फार कमी हद्द असलेल्यांनी कढीपेक्षा ताजं ताक निवडावं.

ताक तर आपला हुकमी एक्का आहे. एका वाटी दह्यात दोन-तीन वाट्या पाणी घालून केलेल्या ताकाच्या गिलासात दोन-तीन ग्रॅमच लॅक्टोज येतं आणि वर जिवंत जिवाणू. येळ अमावस्येला लातूर-धाराशिवकडं शेतात ज्वारीचं पीठ आणि ताकाची आंबील पिली जाते, ती लॅक्टोजच्या हिशोबानं एकदम सुरक्षित. त्या दिवशी संध्याकाळी पोट फुगलं की लोक आंबिलीला बोल लावतात. पण त्याच जेवणातल्या भज्जी नावाच्या मिसळ भाजीत हरभरा, तूर, वाल, वाटाणा असली किती तरी कडधान्यं असतात, त्यांच्यातल्या वेगळ्या साखरा कुणालाच नीट पचत नाहीत, गॅस तिकडून येतो. ताक बिचारं उगीच बदनाम होतं.

तूप म्हणजे जवळपास शून्य. लोण्यात नावाला. पनीरात थोडं, कारण बहुतेक लॅक्टोज पनीरच्या पाण्यात निघून जातं. मात्र ते पाणी पौष्टिक म्हणून कणकेत घालायची किंवा प्यायची सवय असेल तर लॅक्टोज सगळं त्यातच आहे हे लक्षात घ्या. चक्का टांगून पाणी काढलेलं श्रीखंडही दुधापेक्षा बरंच सोपं.

आता जड बाजू. खवा. ४-५ लिटर दूध आटवून किलोभर खवा होतो, दुधातलं पाणी उडतं, लॅक्टोज कुठंच जात नाही, म्हणजे किलोभर खव्यात २०० ते २५० ग्रॅम लॅक्टोज. आपल्या भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीचा खवा आणि पेढा सगळीकडं प्रसिद्ध, खावासा वाटणारच, पण एका पेढ्यात तीन-चार ग्रॅम धरा. एक पेढा जेवणानंतर चालून जाईल, प्रवासात गाडी थांबवून उपाशीपोटी पाच खाल्ले की पुढचं गाव येईपर्यंत हाल. बासुंदीच्या एका वाटीत १५ ग्रॅमच्या आसपास जातं. शीरखुर्म्यातही दूध आटवलेलं असतं, तो वाटी अर्धी घेऊन जेवणाबरोबर खावा. सगळ्यात छुपी गोष्ट म्हणजे मिल्क पावडर, साय काढलेल्या दुधाच्या पावडरमध्ये निम्मं वजन लॅक्टोजचंच असतं. कॉफीची रेडिमेड पाकिटं, गुलाबजामचं पीठ, चॉकलेट, यात ती असते. जिमला जाणाऱ्या पोरांना एक सांगणं, व्हे प्रोटीन कॉन्संट्रेटनं पोट फुगत असेल तर आयसोलेट घेऊन बघा, त्यात लॅक्टोज अगदी कमी असतं.

गोळ्या-औषधांत भर म्हणून लॅक्टोज असतं ते ऐकून काही जण बीपीची गोळी बंद करतात. असं करू नका. एका गोळीत सहसा अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी असतं, त्यानं काही होत नाही.

गावरान, शेळी, ए२ आणि बाकीचे गैरसमज

देवणी आणि लाल कंधारी या आपल्या मराठवाड्याच्या गाई, त्यांचा अभिमान मलाही आहे. पण लॅक्टोज देवणीच्या दुधातही तेवढंच असतं जेवढं जर्सीच्या. ए२ म्हणून जास्त भावानं विकलं जाणारं दूध प्रोटीनच्या प्रकारानं वेगळं असतं, लॅक्टोज तेच. कुणाला त्यानं बरं वाटत असेल तर जरूर प्यावं, पण लॅक्टोजचा त्रास त्यानं जाणार नाही. उस्मानाबादी शेळीचं दूध? त्यातही १०० मिलिला ४ ते साडेचार ग्रॅमच्या वर लॅक्टोज, फरक फार थोडा. दूध कितीही उकळा, लॅक्टोज उकळून जात नाही, उलट दूध आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. हळद, सुंठ घालून चव येते, लॅक्टोज तुटत नाही. दुधात पाणी घातलं तर गिलासातले ग्रॅम कमी होतात एवढंच, तेवढ्याच दुधात पाणी वाढवून दोन गिलास पिलात तर पोटात गेलं ते सारखंच.

एक गोष्ट मात्र खरी आहे, रोज थोडं थोडं दूध नेमानं घेत राहिलं तर लॅक्टेज वाढत नसलं तरी मोठ्या आतड्यातले जिवाणू दोन-तीन आठवड्यांत जुळवून घेतात आणि गॅस कमी होतो. म्हणून पूर्ण बंद करण्यापेक्षा हद्दीच्या आत रोज घेणं शहाणपणाचं.

डेअरीत लॅक्टोज-फ्री दूध कसं बनतं

बऱ्याच जणांना वाटतं की यात केमिकल टाकून साखर काढून घेतात. तसं नाही. तुमच्या आतड्यात जे काम लॅक्टेजनं करायचं असतं ते डेअरीत आधीच करून देतात, एवढंच. आणि लॅक्टेज येतं कुठून, तर क्लुव्हेरोमायसिस लॅक्टिस नावाच्या यीस्टपासून. दुधाचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, ६.६-६.७ असतो आणि या यीस्टचं लॅक्टेज नेमकं त्याच पट्ट्यात चांगलं चालतं.

पहिली पद्धत टाकीतली. दूध आलं की त्याची तपासणी, गाळणं, फॅटचं प्रमाण बसवणं, मग ७२ अंशाला १५ सेकंद पाश्चरायझेशन. थंड करून ४-६ अंशावर टाकीत घेतात, लॅक्टेज घालतात आणि हळू ढवळत साधारण एक दिवस ठेवतात. एन्झाइम ३५-४० अंशाला कितीतरी पटीनं वेगात चालतं, पण त्या तापमानाला बिघडवणारे जिवाणूही वाढतात, म्हणून थंडीत जास्त वेळ हा सौदा परवडतो. काम किती झालं हे कळतं कसं? डेअरीत दुधात पाणी मिसळलंय का हे बघायला क्रायोस्कोप असतो, तो दूध किती अंशाला गोठतं ते मोजतो. साधं दूध उणे ०.५२ अंशाच्या आसपास गोठतं. लॅक्टोजचा एक रेणू तुटून दोन होतात, विरघळलेले कण वाढतात, आणि सगळं लॅक्टोज तुटलं की गोठणबिंदू उणे ०.८ च्या आसपास जातो. भेसळ पकडणारं यंत्रच इथं कामाची प्रगती सांगतं, मला ही गोष्ट फार आवडते. शेवटच्या खात्रीसाठी अर्थात प्रयोगशाळेत आणखी बारीक मोजणी होते. त्यानंतर १३५-१४० अंशाला दोन-चार सेकंद यूएचटी (अतिउच्च तापमानाची प्रक्रिया), त्यात एन्झाइम निकामी होतं, आणि निर्जंतुक खोक्यात पॅकिंग.

दुसऱ्या पद्धतीत उलटं करतात, आधी यूएचटी, मग पॅकिंगच्या वेळी अगदी बारीक गाळणीतून जिवाणूमुक्त केलेलं लॅक्टेज थेंबानं सोडतात, आणि तुटायचं काम खोक्यातच काही दिवसांत पुरं होतं. एन्झाइम कमी लागतं. अडचण अशी की एन्झाइम शेवटपर्यंत जिवंत राहतं, त्यात दुसऱ्या एन्झाइमची जराही भेसळ असली तर महिन्या-दोन महिन्यांत दुधाला कडवट किंवा विचित्र वास येतो, म्हणून फार शुद्ध माल लागतो.

तिसरी पद्धत गाळण्याची. बारीक पडद्यांमधून दूध गाळून बरंचसं लॅक्टोज आधी बाजूला काढतात आणि उरलेलं एन्झाइमनं तोडतात. फायदा चवीत. तुटलेल्या साखरा लॅक्टोजपेक्षा जिभेला खूप गोड लागतात, आधीच काही काढून घेतलं की गोडी साध्या दुधाइतकीच राहते. फिनलंडच्या वालिओ या डेअरीनं २००१ मध्ये असं साध्या दुधाच्या चवीचं लॅक्टोज-फ्री दूध बाजारात आणलं. आपल्याकडं अमूलचं वगैरे जे खोक्यातलं मिळतं ते गोडसर लागतं, ते एन्झाइमच्या पद्धतीचं लक्षण.

गोड लागलं म्हणून साखर घातली असं समजू नका, एकूण साखर तेवढीच आहे, फक्त तुटलेली. पण डायबेटिस असलेल्यांनी ते "शुगर-फ्री" आहे असंही समजू नये, नेहमीच्या दुधासारखंच मोजून घ्यावं. प्रोटीन, कॅल्शियम, फॅट काही बदलत नाही. रंग किंचित पिवळसर-तपकिरी दिसतो कारण ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज तापल्यावर प्रोटीनशी जास्त लवकर रंग धरतात. तो बिघाड नाही.

घरी कसं करायचं

तालुक्याच्या गावात खोक्यातलं दूध दर वेळी मिळतंच असं नाही आणि रोज परवडतही नाही. लॅक्टेजचे थेंब मेडिकलमध्ये सांगून किंवा ऑनलाइन मागवता येतात. लक्षात ठेवा, थेंब आणि गोळ्या एक नाहीत. गोळीतलं लॅक्टेज बहुतेक ॲस्परजिलस बुरशीपासूनचं असतं, ते पोटातल्या आंबट वातावरणासाठी बनलेलं, ते कुटून दुधात टाकलं तर काम मंद चालतं. दुधासाठी थेंबच घ्या, आणि बाटलीवर दुधात घालायचं प्रमाण दिलेलं आहे ना ते बघा.

दूध गवळ्याचं असो नाहीतर पिशवीचं, आधी चांगलं उकळून घ्या. मग पूर्ण थंड होऊ द्या. हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा, गरम दुधात थेंब टाकले की एन्झाइम तिथंच मरतं आणि पैसे वाया. बोट घातल्यावर अजिबात गरम लागू नये. स्टीलच्या धुऊन उकळत्या पाण्यानं काढलेल्या डब्यात दूध ओता, बाटलीवर लिहिल्याप्रमाणे लिटरला जेवढे थेंब सांगितलेत तेवढे घाला, स्वच्छ चमच्यानं हलवा, झाकण लावून फ्रिजमध्ये २४ तास. घाई करून सहा तासांनी काढू नका, थंडीत एन्झाइम सावकाश चालतं.

झालं की नाही ते बघायला एक सोपा उपाय आहे. मेडिकलमध्ये लघवीतली साखर तपासायच्या पट्ट्या मिळतात, त्या ग्लुकोज ओळखतात, लॅक्टोज ओळखत नाहीत. साध्या दुधात एक पट्टी बुडवा, रंग बदलत नाही. तयार दुधात बुडवा, डबीवर सांगितलेल्या वेळेत रंग गडद झाला म्हणजे ग्लुकोज सुटलंय, एन्झाइमनं काम केलंय. किती टक्के झालं हे पट्टी नेमकं सांगत नाही, तिचा शेवटचा रंग पूर्ण तुटायच्या आधीच येतो, म्हणून रंग आला तरी २४ तास पूर्ण करा. रंगच आला नाही तर थेंब जुने झालेत, उन्हाळ्यात बाहेर राहिलेत किंवा दूध गरम होतं, तिन्हीपैकी एक. थेंबांची बाटली फ्रिजमध्येच ठेवायची, आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात खिडकीत ठेवलेली बाटली काही कामाची राहत नाही.

लाईटचा भरवसा नसेल तर कोमट पद्धत आहे. उकळून कोमट झालेल्या दुधात, म्हणजे मनगटावर थेंब टाकला तर ना गरम ना गार लागेल इतक्या, थेंब घाला, डबा जाड कपड्यात गुंडाळून दोन-तीन तास ठेवा, आणि लगेच परत उकळा. उकळणं चुकवायचं नाही, कारण कोमट दुधात जिवाणूही त्याच वेगानं वाढतात. परत उकळल्यावर एन्झाइम मरतं पण तुटलेलं लॅक्टोज परत जोडलं जात नाही, त्यामुळं काळजी नाही. या दुधाचा चहा, खीर, शेवया सगळं होतं, साखर नेहमीपेक्षा कमी घाला. बासुंदी जास्त तपकिरी होते आणि बुडाला लवकर लागते, आच मंद ठेवा. दही छान लागतं, विरजण नेहमीचंच. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवसांत संपवा.

बाहेर लग्नाकार्यात मात्र गोळी सोयीची. पहिल्या घासाबरोबर घ्यायची, आधी तासभर घेऊन किंवा पोट दुखायला लागल्यावर घेऊन फायदा नाही. ३००० ते ९००० युनिटपर्यंतच्या येतात. पंगत लांबली आणि शेवटी परत आईस्क्रीम आलं तर दुसरी घ्यावी लागते.

कॅल्शियमचं काय

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२० च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. दोन गिलास दुधात, लॅक्टोज-फ्री असो वा साधं, त्यातलं जवळपास निम्मं येतं. आपली ज्वारी सगळ्या बाजूनं गुणाची, पण कॅल्शियम १०० ग्रॅमला २५-३० मिलिग्रॅमच, त्यामुळं दूध बंद करून नुसत्या भाकरीवर राहिलात तर हाडांना, विशेषतः बायकांच्या, पुढं भोगावं लागतं. दूध नकोच असेल तर ताक-दही वाढवा, नाचणी आठवड्यातून काही वेळा आणा, शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची भाजी, आणि तिळाची चटणी रोज. तीळ न सोललेले घ्या, कॅल्शियम टरफलात असतं, मात्र त्यातलं सगळं अंगी लागत नाही म्हणून एकट्या तिळावर भिस्त नको. सोया दूध घेणार असाल तर कॅल्शियम वरून घातलंय का ते पाकिटावर वाचा.

लहान लेकरांबद्दल

आईच्या दुधात गाईच्या दुधापेक्षाही जास्त लॅक्टोज असतं, १०० मिलिला ७ ग्रॅमच्या आसपास, आणि ते बाळाला पचतं. जन्मापासून लॅक्टेज नसणं अतिशय दुर्मिळ आहे. म्हणून जुलाब लागले म्हणून अंगावरचं दूध तोडायचं नाही, कुणीही वडीलधारं सांगितलं तरी नाही. दूध चालू ठेवायचं, ओआरएस द्यायचं, डॉक्टरनं सांगितलेलं झिंक १४ दिवस पूर्ण करायचं. स्वतःच्या मनानं लॅक्टोज-फ्री पावडर सुरू करू नका, ती कधी आणि किती दिवस हे बालरोगतज्ज्ञ ठरवतात. गॅलॅक्टोसेमिया नावाचा एक जन्मजात आजार आहे, त्यात गॅलॅक्टोजच चालत नाही, आणि वर सांगितलेल्या तिन्ही पद्धतींच्या दुधात गॅलॅक्टोज असतं, त्या बाळाला हे दूध द्यायचंच नाही. पाच-सहा वर्षाच्या पुढचं लेकरू जर दूध पिल्यावर दर वेळी पोट धरून बसत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवा, वहीवाली चाचणी त्याच्यासोबत करा, पण आठवडाभर नुसतं दूध तोडून त्याच्या जागी काही न देणं नको, लेकराच्या चाचणीत मात्र दही-ताक चालू राहू द्या. जुलाबात लघवी कमी झाली, डोळे खोल गेले, लेकरू मलूल पडलं किंवा पाणीही टिकेना, तर रात्र असली तरी सकाळची वाट न बघता दवाखान्यात न्या.